वैशाखात औशास येणाऱ्या भाच्यास

औसा,
वैशाख शुद्ध पंचमी

चि. भाच्यास,

तुझे पत्र पावले. महिनाभराच्या रजेत औशास मुक्काम करून रोज किल्ल्याभोवती धावण्याचा आणि गल्लीतल्या मुलांना खो-खोच्या सरावास लावण्याचा तुझा मनोदय वाचून फार संतोष झाला. कारण उन्हाळा आला की दारे लावून पंख्याखाली पडून राहणे हीच प्रकृतीची काळजी, अशी जी समजूत हल्ली घरोघर रूढ होत चालली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. तेव्हा मनाई करण्यासाठी मी लिहीत नाही. येथील उन्हाचा शिरस्ता तुला आधी ठाऊक असावा, एवढाच हेतू.

पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत वर्षभर बसलेले शरीर आणि येथे चैत्रापासून बांधावर राबणारे शरीर, वय एकच असले तरी, एक नव्हेत. उष्णतेत रोज थोडे थोडे श्रम करीत गेले, म्हणजे दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवांश वाढतो, घाम लवकर व अधिक सुटू लागतो आणि त्यातून मीठ मात्र कमी जाते. ही सिद्धता होण्यापूर्वीच, पहिल्या चार-दोन दिवसांत, धडधाकट माणसे उन्हाने आडवी होतात. म्हणूनच अमेरिकेतील सरकारी आरोग्यसंस्था नव्या कामगारास पहिल्या दिवशी उन्हातील कामाचा २० टक्के हिस्साच द्यावा व पुढे रोज तितकाच वाढवावा, असे सांगते. आपल्याकडे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त थंडीत व वसंतातसुद्धा व्यायाम अर्ध्याच शक्तीने करावा, इतर ऋतूंत त्याहूनही मंद, असा दंडक घातला आहे, आणि दुपारच्या निद्रेस ग्रीष्मात संमती दिली आहे. तू पहिली फेरी चालतच घाल.

आपले गाव पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसाची उष्णता रात्रीतून निघून जाते व पहाट सुखद होते. शेतकरी वैशाखातली नांगरट ह्या पहाटेवरच उरकतो आणि ऊन चढण्याआत औत सोडून बैल लिंबाखाली बांधतो. संध्याकाळी पाचला ऊन उतरले असे वाटते, पण तापलेली काळी जमीन तेव्हाही झळा टाकीत असते. मुलांना त्या वेळी मैदानात काढू नकोस. दुपारच्या उन्हापासून आश्रय हवा, हे किल्ला बांधणाऱ्यांनीही ओळखले असावे. कमानींवर तोललेली एक भूमिगत इमारत तेथे आहे, तिच्या छताचा मध्यभाग म्हणजे वरच्या हौदाचा तळ. आल्यावर ती अवश्य पाहा.

कोरड्या हवेत एक फसगत आहे. घाम सुटताच वाळतो, म्हणून तो सुटलाच नाही असे वाटते. वस्तुतः एक लिटर घामाचे बाष्प होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता तो शरीरातून काढून नेतो, आणि ते पाणी कोठून तरी आलेले असते. किनाऱ्यावर उलट घडते: दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून उष्णताही निघत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात तापमान ३८ अंशांच्या आसपास असूनही लोकांनी प्राण गमावले, तेव्हापासून केवळ तापमानाच्या आकड्यावर माझा भरवसा राहिलेला नाही.

तहानेची वाट न पाहता घोट घोट पीत जावे. मीठ-जिरे घातलेले ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील ही पेये घाम गाळणाऱ्या माणसास नुसत्या पाण्याहून हितकर, कारण पाण्याबरोबर मीठही गेलेले असते. खिशात कांदा बाळगल्याने ऊन बाधत नाही, ह्यावर मात्र विसंबू नकोस; कांदा भाकरीबरोबर खावा.

एक गोष्ट मुलांनाही पाठ करून घे. डोके गरगरले, मळमळले, पोटऱ्यांत गोळे आले, तर खेळ तत्काळ थांबवून सावलीत निजवावे आणि मीठ-साखरेचे पाणी द्यावे. परंतु मूल असंबद्ध बोलू लागले किंवा त्याचे भान हरपले, तर शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले असे समजावे, अंग घामाने भिजलेले असले तरीही. अशा वेळी तोंडात पाणी घालू नये. कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतीत राहावे, जोराने वारा घालावा आणि १०८ वर दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत गारवा देणे थांबवू नये, कारण ह्या विकारात प्रत्येक मिनिटाचा हिशेब होतो.

एखाद्या रविवारी मुलांना घेऊन खरोशाची लेणी पाहण्यास जाऊ. तांबडे फुटण्यापूर्वी निघालो तर ऊन तापण्याआत परतता येईल. येताना पांढरा सुती पंचा आणि जलसंजीवनीची पाकिटे आण. एक पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवावयाचे असते, कमी पाण्यात नव्हे. मैदानाजवळ दोन माठ भरून ठेवण्याचे शेजाऱ्यांनी कबूल केले आहे. पाकिटे जरा जास्तच घे, कारण तू येणार हे कळल्यापासून मुले वाढत चालली आहेत.

सौ. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा