तुमच्या जबड्यात भरलेलं हाड कशाचं आहे?

दाढ काढली की खड्ड्यात ‘बोन ग्राफ्ट’ भरायचं आणि वर ‘मेम्ब्रेन’ लावायचं, हे आता आपल्या तालुक्याच्या गावातही रोजचं झालंय. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, इथवर पोचला आणि त्याच्यामागून हेही आलं. चांगलंच झालं. पूर्वी एवढ्यासाठी मोठं शहर गाठावं लागायचं. पण बिलावरच्या या दोन ओळी वाचून किती जण विचारतात, की बाबा हे आहे तरी कशाचं?

मागच्या वर्षी माझी खालची दाढ काढली. टाके पडले, बिल हातात आलं, त्यात ग्राफ्टची अर्ध्या ग्रॅमची कुपी. (अर्धा ग्रॅम हे माप मी तोवर सोनाराकडेच ऐकलं होतं. भावही तसाच.) काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे हाड कशाचं? ती म्हणाली, “कंपनीचं.”

डॉक्टर मात्र चिडले नाहीत. कचऱ्यातलं खोकं काढून त्यावरचं बारीक अक्षर त्यांनी मला वाचून दाखवलं. ग्राफ्ट गुरांच्या हाडापासून, मेम्ब्रेन डुकरापासून काढलेल्या कोलॅजनचं.

मग त्यांनी समजावून सांगितलं तेही ऐकण्यासारखं आहे. दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्या काही महिन्यांतच होते. खड्डा भरतो खरा, पण हिरडी भराभर वाढते आणि हाड सावकाश. रान मोकळं सोडलं की पिकाआधी तणच माजतं, तसंच. मेम्ब्रेन म्हणजे मधे घातलेलं कुंपण, हिरडीला आत शिरू न देणारं. ही कल्पना स्वीडनच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात पुढे आणली. आधीचे पडदे विरघळत नसत, ते काढायला पुन्हा चिरफाड करावी लागे. कोलॅजनचा पडदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप विरतो. ग्राफ्टचे दाणे म्हणजे मांडव. त्यावर आपलं हाड चढतं. गुरांच्या हाडातला सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो, पण उरलेले दाणे फार हळू विरतात. वर्षानुवर्षं तिथंच असतात.

आता मुद्दा. मला स्वतःला त्याचं काही वाटलं नाही. पण आपल्या गावात माळकरी आहेत, जैन आहेत, मुसलमान आहेत. अंड्याला हात न लावणारी माणसं आहेत. गोवंशाच्या नावावर २०१५ पासून या राज्यात किती भाषणं झाली, आणि इथं गुपचूप जबड्यात काय भरलं जातंय याचा भाषण करणाऱ्यालाही पत्ता नसेल! एक डॉक्टर मला खाजगीत म्हणाले, सांगितलं तर पेशंट पळून जातो. मला हे कारण पटत नाही. पळून जायचा त्याला हक्क आहे.

शिवाय पर्याय नसते तर गोष्ट वेगळी होती. स्वतःचंच हाड हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून घेता येतं. त्यासाठी एक जखम जास्त होते, पण अजूनही तेच सगळ्यात चांगलं मानतात. कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे मिळतात, त्यात प्राण्याचं काही नसतं. मृत्यूनंतर दान केलेलं माणसाचं हाड निर्जंतुक करून वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून ऊतीपेढी आहे. आणि प्रत्येकाला ग्राफ्ट लागतंच असंही नाही. भिंती शाबूत असतील, इम्प्लांट बसवायचाच नसेल, तर बरेचदा खड्डा आपला आपण भरतो. हे मात्र काउंटरवर कुणी सांगत नाही. तंबाखू चालू असेल, साखर आटोक्यात नसेल तर महागातलं ग्राफ्टही वाया जाऊ शकतं, हेही पैसे घेण्याआधी सांगायला हवं.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय, की संमती म्हणजे नुसती सही नव्हे; उपचार काय, धोके काय, पर्याय काय, हे पेशंटला आधी कळलं पाहिजे. आमच्याकडचा फॉर्म इंग्रजीत, आणि तो पुढ्यात येतो तोंड सुन्न झाल्यावर. म्हातारी माणसं काय वाचणार?

खोक्यात बॅच नंबरचं स्टिकर येतं. उद्या त्या मालात काही खोट निघाली तर कुणाच्या तोंडात तो भरलाय हे त्यावरूनच शोधता येईल. ते पेशंटच्या फाइलला चिकटवायला दोन सेकंद लागतात.

तुमच्यापैकी ज्यांनी ग्राफ्ट करून घेतलंय त्यांनी घरातली फाइल काढून बघा. स्टिकर आहे का, ग्राफ्ट कशाचं ते लिहिलंय का, फॉर्म कुठल्या भाषेत होता. मला इनबॉक्समध्ये कळवा. डॉक्टरांचं नाव नको, फक्त तालुका लिहा. पुढच्या महिन्यात इथल्या डेंटिस्ट मंडळींसमोर मराठी फॉर्मचा विषय काढणार आहे, तेव्हा हातात काहीतरी असलेलं बरं.