पाच बोटी आणि एक वर्धेकर

वर्धा जिल्ह्यातल्या कुत्र्याने आयुष्यात पाणी पाहिलेलं असतं ते कितीसं? पवनारला धाम नदीचं पात्र, फार तर सेलू तालुक्यातलं बोर धरण. नदी ओलांडायची तर पूल आहेतच, पुलगावच्या तर नावातच तो आहे. अशा गावातला आठ वर्षांचा, पंधरा किलोचा, शंभर टक्के गावठी बंड्या समुद्रावरून न्यायचा म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. "कुत्र्याला घेऊन कोणी बोटीत बसते का गं? काहीच्या काही बोलून राहिली तू!" इति आई.

आता यात हौस कमी आणि अडचण जास्त होती. बाबा गेल्यापासून आई एक रात्रही वर्ध्याबाहेर राहिली नव्हती. लग्नं, बारशी, मुंज, सगळीकडे फोनवरून आशीर्वाद. लेकीचं मुंबईतलं घर तिने व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं, तेही अर्धंच. कारण एकच, बंड्या. शेजारच्या काकू प्रेमाने पोळी टाकतात, पण हा पठ्ठ्या आईशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. त्यामुळे प्रश्न 'पेट-फ्रेंडली हॉलिडे'चा नव्हताच. आई घराबाहेर पडणार की नाही, एवढाच होता.

आधी रेल्वेचा विचार केला. रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण एसी फर्स्ट क्लासचा दोन किंवा चार बर्थचा अख्खा कूपे तुमच्या नावावर हवा. तो मिळाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली डॉग-बॉक्स. लोखंडी पेटीत, अंधारात, एकटा, रात्रभर. आईने ते ऐकलं आणि बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात ठेवायला घेतले.

मग गाडी. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यावर पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता तयार झाला. येळाकेळीला चढलं की भिवंडीजवळ आमण्याला उतरायचं. रस्ता झकास, पण सरळसोट आणि कंटाळवाणा. कुत्रा सोबत असेल तर दर अडीच-तीन तासांनी थांबावंच लागतं आणि ते फक्त पेट्रोलपंपावर. कडेला गाडी लावून 'जरा पाय मोकळे' करायची ही जागा नव्हे, शेजारून ट्रक वाऱ्यासारखे जातात. आम्ही नाशिकला मुक्काम केला.

मुंबईला आई आली, घर पाहिलं, किचनमधल्या डब्यांवर ताशेरे ओढून झाले. आणि मग खरी मजा. कोकण!

मुंबईहून गणपतीपुळ्याला हायवेने सगळेच जातात. पण किनाऱ्याने गेलात तर वाटेत एकामागून एक पाच बोटी लागतात आणि पाचही बोटींत गाडी चढते. भाऊचा धक्का ते मांडवा, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. खाड्या ओलांडणाऱ्या या चार बोटींना कोकणात 'जंगलजेट्टी' म्हणतात. दाभोळची फेरी 2003 मध्ये सुरू झाली. ती नव्हती तेव्हा समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा होता. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल आहेत. ते होतील तेव्हा होवोत, तोपर्यंत बोटींची ऐश करून घ्या!

पाचांतली मोठी म्हणजे मांडव्याची रो-रो. 15 मार्च 2020 ला सुरू झाली आणि लगेच लॉकडाऊनमध्ये अडकली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परत आली. ग्रीसमध्ये बांधलेलं जहाज, गाड्या खाली, माणसं वर, आणि साधारण तासाभरात मांडवा. रस्त्याने हेच अंतर शंभर किलोमीटरच्या वर भरतं. पाळीव प्राण्यांचं तिकीट इथे रीतसर मिळतं. बंड्याच्या नावाचं तिकीट आईने दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

बोट कुत्र्याला लागते का? लागते. माणसासारखंच कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र बिघडतं, आणि पिल्लांना जास्त त्रास होतो. ओळखायचं कसं? लाळ गळायला लागते, सारखी जांभई येते, ओठ चाटणं सुरू होतं. म्हणून निघण्याआधी तीन-चार तास खायला काही नाही, पाणी घोट-घोट. आपली उलटीची गोळी अर्धी करून देणं हा घरगुती शहाणपणा कृपया नको, डॉक्टरांना विचारून त्याचं वेगळं औषध घ्या. रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीत नाही, खिशात ठेवा. आणि पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस. कुत्रा घाबरून मागे ओढला तर गळ्यातला पट्टा डोक्यावरून सटकतो, आणि बोटीवर सटकला तर पुढे पाणीच आहे.

बंड्याला समुद्राची भीती वाटलीच नाही. त्याने घाबरायचं ते भोंग्याला! भोंगा वाजला आणि साहेब थेट आईच्या साडीत. इंजिनाची थरथर पायांना लागत होती, तो एकेक पाय उचलून पाहत होता. आई डेकवर मांडी घालून बसली, आयटी कंपनीतली टी-शर्टवाली मंडळी बघत होती, तिला काही फरक पडला नाही. वीस मिनिटांनी त्याचं नाक वर झालं. मासळी, डिझेल, खारा वारा... वर्ध्यात यातलं डिझेल तेवढं मिळतं.

जंगलजेट्ट्या मात्र त्याला जाम आवडल्या. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, शेजारी एसटीतून उतरलेली माणसं, कुणाच्या पिशवीत कोंबडी. एकच सांभाळा, लोखंडी रॅम्प दुपारी तव्यासारखा तापतो. आपल्या पायात चपला असतात. आधी हात टेकवून बघा आणि चटका बसला तर कुत्रा उचलून न्या किंवा गाडीतच ठेवा, पण काचा खाली करून आणि कुणीतरी सोबत बसून. बंद गाडीत उन्हात सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

गणपतीपुळ्याला त्याने समुद्राचं पाणी प्यायचा प्रयत्न केला. खारं पाणी पोटात गेलं की जुलाब-उलट्या होतात, म्हणून गोड्या पाण्याची बाटली हाताशी हवीच. आई लाटेत घोट्यापर्यंत उभी होती. "एवढं पाणी, अन् कामाचं नाही," म्हणाली. विदर्भातल्या बाईचा हिशेब!

परत मुंबईला आल्यावर ती चार दिवसांत जाणार होती. त्याला आता तीन आठवडे झाले. बंड्याची गोधडी माझ्या लॅपटॉपच्या टेबलाखाली आहे आणि आई शेजारणीकडून वर्ध्याच्या कुंड्यांना पाणी घातल्याचे रोज फोटो मागवते.