शिल्लक आणि रोजकीर्द

एका डेटाबेसमधले बदल दुसऱ्यात न्यायचे तर ते लॉगमधून वाचावेत, टेबलाला विचारत बसू नये, हे माझं मत इतक्या वर्षांच्या कामातून पक्कं झालं आहे. टेबल खात्यावरची आजची शिल्लक सांगतं. मायएसक्यूएलचा बिनलॉग किंवा पोस्टग्रेसचा वॉल ही रोजकीर्द. काय घडलं नि कोणत्या क्रमानं, ते तिथेच मिळतं. बहुतेक ठिकाणी मात्र ‘अपडेटेड ॲट’ हा रकाना बघून दर पाच मिनिटांनी बदललेल्या ओळी उचलतात. पुसलेली ओळ त्यात सापडणार कशी? ती टेबलात उरलेलीच नसते. मला याहून जास्त सलतो तो वेळेचा घोटाळा. पोस्टग्रेसचं ‘नाऊ’ फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची नाही. १० वाजता सुरू झालेलं काम १०.०७ ला कमिट झालं, तरी ओळीवर शिक्का १० चाच. १०.०५ च्या फेरीला ती दिसत नाही, कारण कमिट बाकी असतं, १०.१० ची फेरी १०.०५ नंतरचंच मागते. ओळ कायमची निसटते आणि एरर कुठेच येत नाही. दर फेरीला थोडं मागे जाऊन वाचा, असं सुचवलं जातं. पण किती मागे, हे सर्वांत लांबलेलं ट्रान्झॅक्शन ठरवतं, आणि पुसलेल्या ओळी तरीही हाती लागत नाहीत.

लॉगवरचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वाचणारा बंद पडला की पोस्टग्रेसचा रेप्लिकेशन स्लॉट न वाचलेला वॉल राखून ठेवतो, नि मूळ डेटाबेसची डिस्क भरत जाते. २०२० मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून त्याला मर्यादा घालता येते, पण ती ओलांडली गेली की स्लॉट बाद होऊ शकतो आणि सगळी नक्कल पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. तरी हा धोका मी पत्करते. भरत चाललेली डिस्क दिसते, तिच्यावर अलर्ट लावता येतो. निसटलेल्या ओळीवर कसला लावणार?

अर्थात लॉग वाचला म्हणून अर्थही पोचला, असं होत नाही. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नलच धरतं, पोस्टग्रेस दोन्ही वेगळ्या मानतं. पोस्टग्रेसमध्ये ‘मधलं नाव नाही’ म्हणून रिकामं ठेवलेलं ओरॅकलकडे ‘माहीत नाही’ होऊन बसतं. रकाना नॉट नल असेल तर ओळच नाकारली जाते. म्हणून ओळींची संख्या जुळली तरी मी तिथे थांबत नाही. प्रत्येक रकान्यातले नल दोन्हीकडे मोजते, आकड्यांच्या बेरजा ताडून बघते.