पाद्र्याचं हवामान

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये एका कासवाचं कवच जपून ठेवलेलं आहे. कासवाचं नाव टिमथी. ते होतं इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्यातल्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याचं. १७८० मध्ये आत्या वारल्यावर ते त्याच्याकडे आलं. व्हाइटने त्याचं वजन केलं, ते कधी मातीत शिरतं आणि कधी वर येतं याच्या नोंदी ठेवल्या, ऐकू येतं का हे पाहायला कर्णा लावून हाकाही मारल्या. कासवाने लक्ष दिलं नाही. (पौलाच्या तरुण साथीदाराचं नाव मिरवणारं हे कासव मादी होतं, हे व्हाइटच्या मृत्यूनंतर कळलं.) लक्षात राहतं ते वेगळंच. कासव समोर आलं की आपल्याकडच्या कीर्तनकाराला इंद्रियनिग्रह आठवतो, देवळाच्या दारातलं दगडी कासवही त्याचसाठी बसवलेलं असतं. ख्रिस्ती उपदेशकालाही धीर, संथपणा, मरणासारखी झोप आणि पुन्हा उठणं असा आयता मजकूर त्यात मिळाला असता. व्हाइट मात्र त्यातलं काही करत नाही. टिमथीच्या संदर्भात त्याने देवाच्या योजनेचं नाव काढलं, ते कोडं म्हणून: आयुष्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग गुंगीत घालवणाऱ्या प्राण्याला एवढं दीर्घायुष्य कशासाठी दिलं असेल? उत्तर तो देत नाही. धर्मगुरूंच्या ऋतुलेखनात इतका संयम दुर्मीळ असतो. पानगळ आली की मरण, पालवी फुटली की पुनरुत्थान, पाऊस पडला की कृपा, असा त्यांचा ऋतू पुरता दिसायच्या आत दाखला होऊन बसतो. त्यात ऋतूचं नुकसान होतं हे उघड आहे; माझ्या मते श्रद्धेचंही होतं. हे जग कुणीतरी घडवलं आहे असं जो मानतो, त्याने ते कसं घडवलं आहे हे आधी पाहायला नको का?

व्हाइटने पाहिलं, आणि आयुष्यभर तेच केलं. सेलबोर्नचा मुख्य पाद्री तो कधीच झाला नाही. तिथली नेमणूक ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या हाती होती आणि हा ओरियल कॉलेजचा. त्यामुळे आजोबा ज्या गावचे मुख्य पाद्री होते, तिथे नातू दुय्यम पाद्रीच राहिला. गाव सोडायला तो तयार नव्हता. १७५१ पासून बागेची आणि १७६८ पासून निसर्गाची रोजनिशी: वारा कुठून, पारा किती, काकड्या कधी लागल्या, पाकोळ्या कधी आल्या. १७८९ साली छापलेलं त्याचं पुस्तक म्हणजे दोन विद्वान मित्रांना लिहिलेली पत्रं. दिसायला जवळजवळ सारख्या असणाऱ्या तीन पर्णवटवट्यांची गाणी वेगळी आहेत, म्हणजे हे पक्षीही वेगळे आहेत, हे त्याने कानाने ओळखलं. गांडुळं नसतील तर जमीन थंड, घट्ट आणि नापीक होईल, असं त्याने १७७७ मध्ये लिहिलं. डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक यायला अजून शंभराहून अधिक वर्षं होती. पाकोळ्यांच्या बाबतीत तो अडखळला. त्याचा भाऊ जिब्राल्टरच्या लष्करी तळावर पाद्री होता आणि तिथून पक्षी समुद्र ओलांडताना दिसतात असं त्याने कळवलं होतं. तरीही काही पाकोळ्या हिवाळ्यात गावातच कुठेतरी दडून झोपत असाव्यात, ही शंका व्हाइटच्या मनातून गेली नाही. त्याच्या या अडखळण्यावरही माझा लोभ आहे. पण त्याची खरी कसोटी लागली १७८३ च्या उन्हाळ्यात. २३ जूनपासून २० जुलैपर्यंत विचित्र धुरकट धुकं पसरलं. भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा फिका, जमिनीवर पडणारा उजेड गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, उगवताना-मावळताना सूर्य रक्तासारखा लाल. कापलेलं मांस दुसऱ्या दिवशी खाण्याजोगं राहत नव्हतं. गावकरी भ्यायले. दोन आठवड्यांपासून आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखी धगधगत होता, त्याचा तो धूर, हे आज आपल्याला माहीत आहे. सेलबोर्नमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. व्यासपीठावर उभं राहून शेवटच्या न्यायाचा दिवस आला असं सांगायला पाद्र्याला याहून चांगली संधी मिळाली नसती. व्हाइटच्या पत्रात वाऱ्याची दिशा आहे, माश्यांचा त्रास आहे, त्याच वर्षी इटलीत झालेल्या भूकंपाचा आणि नॉर्वेजवळच्या समुद्रात वर आलेल्या ज्वालामुखीच्या वार्तेचा उल्लेख आहे. लोकांच्या भीतीला तो हसत नाही आणि तिचा फायदाही उठवत नाही. मला ही धार्मिक कृती वाटते.

यावर सरळ आक्षेप असा की येशूच दाखल्यांतून बोलला. पेरणारा, मोहरी, अंजीर, रानातली फुलं ही सगळी ऋतूंची उदाहरणंच आहेत, मग पाद्र्यांनी गुरूचंच अनुकरण केलं तर चुकलं काय? आक्षेप वजनदार आहे, पण शुभवर्तमानं जरा नीट वाचली की तो उलटतो. पश्चिमेला ढग उठला की पाऊस येणार, दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा वाढणार, हे तिथे म्हटलेलं आहे आणि पॅलेस्टाइनच्या हवामानाला ते तंतोतंत लागू पडतं: पश्चिमेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला वाळवंट. अंजिराची डहाळी कोवळी होऊन पानं फुटली की उन्हाळा जवळ आला समजा, असं सांगताना अंजीरच का घेतलं? ऑलिव्ह वर्षभर हिरवा, त्याच्याकडे बघून काहीच कळायचं नाही. अंजीर पानं गाळतो, म्हणून त्याची पालवी ही खात्रीची खूण. हे शेतकऱ्याच्या डोळ्याने पाहिलेलं आहे. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, हे वाक्य लंडनच्या रिमझिमीत वाचणाऱ्याला पाऊस म्हणजे कटकट वाटू शकेल. मराठवाड्यातल्या वाचकाला त्यातलं दान क्षणात कळतं. म्हणजे दाखला देण्यात दोष नाही. आकाशाकडे न पाहता दुसऱ्याच्या प्रवचनातून उचललेला ऋतू वापरण्यात आहे. इथल्या मंडळीला हिमाखाली झोपलेल्या बीजाचं उदाहरण देणारा पाद्री नुसता कंटाळवाणा नसतो, तो खोटी साक्ष देत असतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पक्षी मोजत बसायला वेळ कुणाला असतो? पोट भरलेल्याला. भुकेल्या गावात पाद्र्याने पारा बघावा की माणसं? इथे व्हाइटच्या शेजारी दुसऱ्या एका इंग्लिश पाद्र्याला उभं करायचा मोह आवरत नाही. हॅम्पशायरला लागूनच सरे परगणा. तिथल्या एका गरीब वस्तीच्या चर्चमध्ये रॉबर्ट माल्थस दुय्यम पाद्री होता. व्हाइट गेल्यानंतर पाच वर्षांनी, १७९८ मध्ये, त्याचा लोकसंख्येवरचा निबंध आला. सगळ्यांना त्यातलं गणित आठवतं. पण पहिल्या आवृत्तीच्या शेवटच्या दोन प्रकरणांत माल्थस पाद्री म्हणूनच बोलतो. गरज आणि हालअपेष्टा हे जड मातीतून मन जागं करायचं ईश्वरी साधन आहे, असा त्याचा युक्तिवाद. पुढच्या आवृत्त्यांतून ही प्रकरणं त्याने गाळली, पण हे पानगळीचंच प्रवचन आहे, फक्त पानांच्या जागी माणसं. पुढे १८०५ पासून मरेपर्यंत तो कंपनी सरकारच्या हेलीबरी कॉलेजात शिकवत होता. त्याच्या मागून तिथे शिकून हिंदुस्थानात आलेल्या रिचर्ड टेंपलने १८७७ च्या दुष्काळात कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडी चिल्लर इतकी खाली आणली. त्याच वर्षी तो मुंबईचा गव्हर्नर झाला. पाद्र्याच्या निबंधाने दख्खनचा दुष्काळ घडवला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. राज्यकर्त्यांना हात आखडायला कारणं बरीच होती. पण दुःखाचा अर्थ आधीच ठाऊक असला की दुःखाकडे बघायची गरज उरत नाही, आणि तेव्हा नेमकं बघण्याचं काम केलं ते पुण्याच्या सार्वजनिक सभेने. कुठे पाऊस किती, कुठे जनावरं मेली, कुठलं गाव ओस पडलं याचे तपशील गोळा करून तिने सरकारपुढे ठेवले. त्या अर्जांत व्हाइटच्या रोजनिशीचं शिस्तशीर लक्ष आहे. बारकाईने पाहणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असं म्हणणाऱ्यांनी ते अर्ज चाळावेत.

आता राहिलं ते चर्चचं पंचांग. ते तयार झालं भूमध्य समुद्राच्या काठी आणि युरोपात, म्हणून आपल्याकडे ते उपरं वाटतं, असं बरेच जण म्हणतात, ख्रिस्तीसुद्धा. पाम संडे आणि ईस्टर युरोपातल्या पालवीशी जुळतात, आपल्याकडे ऐन कडाक्याच्या उन्हात येतात. मोठे सण पेंटेकॉस्टला संपतात, आणि मग नोव्हेंबरअखेरपर्यंत ज्याला सामान्य काळ म्हणतात तो चालतो. धर्मगुरूच्या अंगावर हिरवा झगा आणि रविवारांना फक्त क्रमांक. आपला अख्खा पावसाळा या सामान्य काळात बसतो, म्हणजे वर्षातला सर्वांत असामान्य काळ! पण मला ही चूक वाटत नाही. पंचांग गप्प राहिलं म्हणून तर लोकांना जागा मिळाली. गोव्यात २४ जूनला योहान बाप्तिस्त्याच्या सणाला पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून तुडुंब भरलेल्या विहिरींत उड्या टाकतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरात आगेऱ्याला नवं भात चर्चमध्ये येतं. वसईची वाडी पावसात काय करते हे तिथल्या कुठल्याही फादरना तोंडपाठ असतं. रेव्हरंड टिळकांनाही मराठी वाचक आधी फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो, मग पाद्री म्हणून, आणि हा क्रम मला योग्य वाटतो.

यातलं सर्वांत मजेशीर प्रकरण गोव्याच्या सासष्टीतल्या राय या गावचं. तिथलं चर्च हिमाच्या मातेचं. चौथ्या शतकात रोममध्ये ऐन ऑगस्टच्या रात्री एका टेकडीवर बर्फ पडलं आणि तिथे मारियेचं देऊळ बांधलं गेलं, अशी कथा आहे. तिचा सण ५ ऑगस्ट. पोर्तुगिजांनी तो जसाच्या तसा आणला, ज्या गावात बर्फ पडण्याचा प्रश्नच येत नाही अशा गावात. त्याच सासष्टीत, जवळच्या राशोलला, १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. विल्टशायरच्या या इंग्रजाने मराठीची थोरवी सांगायला फुलांतली मोगरी आणि पाखरांतला मोर निवडला. मायदेशातलं गुलाबाचं फूल नव्हे. रायच्या लोकांनीही बहुधा असंच काहीसं केलं असावं. ५ ऑगस्टच्या सुमाराला शेतात भात पोटरीतून बाहेर पडून पिकायला लागलेलं असतं, म्हणून हिमाच्या मातेचा दिवस तिथे कणसांचं फेस्त झाला. पाद्री मिरवणुकीने शेतात जातो, आशीर्वाद देतो, विळ्याने पहिली कणसं कापतो आणि ती चर्चमध्ये नेली जातात. मग गावोगाव अशी फेस्तं सुरू होतात. त्या पाद्र्याला विळा धरता येणं मात्र भाग आहे. चिखलात झगा सावरत आणि एका हाताने छत्री सांभाळत कणसं कापणं सोपं नसतं.