वहीतली पंचवीस मिनिटं

१ मे जवळ आला की आपल्या मंडळात महाराष्ट्र दिनाची गडबड सुरू होते. लेझीम, मुलांची वेशभूषा, लावणी, पुरणपोळी आणि शेवटी ग्रुप फोटो! हाच दिवस कामगार दिनही आहे, हे मात्र त्या गडबडीत बाजूला राहतं. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरून उभे आहेत ते एक कामगार आणि एक शेतकरी. निदान मी तरी हे विसरायला नको होतं, कारण माझे वडील, आमचे अण्णा, लोअर परळच्या एका गिरणीत होते. पण मला त्याची आठवण झाली ती थेट दुक्ममध्ये.

२०१६ सालची गोष्ट. जून २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली गेलं होतं. ओमान सरकारने त्याच महिन्यात पेट्रोलवरची सबसिडी काढली. सगळीकडे एकच शब्द ऐकू येत होता, काटकसर. ठेकेदारांची बिलं अडकली की त्याची झळ शेवटी कुठे पोचते, हे मस्कतच्या एसी ऑफिसात बसून कळत नाही.

दुक्मला बंदर आणि रस्त्यांची कामं जोरात होती. तिथल्या एका बांधकाम कंपनीत हजेरी आणि पगाराचं नवं सॉफ्टवेअर बसवायचं काम मला मिळालं. मस्कतहून साडेपाचशे किलोमीटर! आदम सोडलं की पुढे तासन्तास नुसती सपाट जमीन, मधूनच एखादा उंट, आणि शेवटी अचानक समुद्र.

पहिल्याच मीटिंगमध्ये एक नियम पुढे आला. ओव्हरटाइम पूर्ण तासांतच मोजायचा, वरची मिनिटं सोडून द्यायची. "सिस्टिम सोपी राहील," असं कारण. मी मान डोलावली आणि दहा मिनिटांत ती एक ओळ लिहून टाकली. टेस्टिंग झालं, सही झाली. त्या रात्री मला छान झोप लागली, हे आज सांगताना लाज वाटते.

तीन महिन्यांनी पुन्हा दुक्मला गेलो, तेव्हा कॅम्पच्या मेसमध्ये चिपळूणकडचे एक वेल्डर भेटले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मराठी बोलणारा माणूस भेटल्याच्या आनंदात त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं. सहा बंक, मधे एक स्टोव्ह, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. चहा झाल्यावर त्यांनी उशीखालून शंभर पानी वही काढली.

"साहेब, मशीन काय म्हणतं ते घडीभर बाजूला ठेवा. ही वही बघा."

वहीत रोजच्या तारखा होत्या, आणि समोर गेटवर पंच केल्याची वेळ. फक्त भाऊंची नाही, खोलीतल्या सहाही जणांची. शेजारच्या खोलीची वेगळी वही होती, ती मल्याळममध्ये. पलीकडची बंगालीत, त्यापलीकडची तेलुगूत. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी प्रत्येक खोलीतला एक जण मेसमध्ये बसायचा आणि सगळ्या वह्या ताडून पाहायचा. काँक्रीटचं काम अर्ध्यावर सोडून बसमध्ये बसता येत नाही, म्हणून रोज सरासरी पंचवीस मिनिटं जास्त होत होती. पंचवीस गुणिले सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला जवळजवळ अकरा तास. ते सगळे माझ्या त्या एका ओळीत नाहीसे होत होते.

भाऊंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, मशीन बिघडलंय.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. ओमानमध्ये २००६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कामगार संघटनांना परवानगी मिळाली, आणि २०१० साली देशपातळीवरचा महासंघ उभा राहिला. २०११ मध्ये सोहारला नोकऱ्या आणि पगारासाठी निदर्शनं झाली, तेव्हा सरकारने पन्नास हजार नोकऱ्या जाहीर केल्या. पण आपल्यासारख्या परदेशी माणसाचं गणित निराळं. त्या काळी जुन्या मालकाची एनओसी नसेल, तर नोकरी सोडल्यावर दोन वर्षं परत येता येत नसे. (ही अट १ जानेवारी २०२१ पासून गेली.) अशा वेळी घोषणा देणार कोण? घरी कर्ज, मुलीचं लग्न, अर्धं बांधलेलं घर!

म्हणून त्यांनी घोषणा दिल्याच नाहीत. कंपनीतला एक ओमानी टाइमकीपर तिथल्या युनियनचा सभासद होता. त्याने कायद्यातलं कलम दाखवलं. तेव्हा दिवसाला नऊ तास काम, त्यापुढे दिवसा मूळ पगाराच्या पंचवीस टक्के आणि रात्री पन्नास टक्के जास्त. त्यानेच अरबीत अर्ज लिहून दिला. खाली सगळ्यांनी गोलाकार सह्या केल्या, म्हणजे पहिलं नाव कुणाचं ते कळू नये.

अर्ज पोचल्यावर मला बोलावणं आलं. "सिस्टिममध्ये ही मिनिटं आहेत का?" घसा कोरडा पडला. माझं पुढचं बिल त्याच टेबलावर होतं. मी म्हणालो, "पंच सगळे आहेत. वगळतोय तो आपला नियम." रिपोर्ट काढला आणि वह्यांशी ताडला. फरक दोन-चार मिनिटांचा. एवढंच मी केलं. शौर्य वगैरे काही नाही, आधी केलेली चूक कबूल केली इतकंच.

पुढच्या महिन्यापासून मिनिटं मोजली जाऊ लागली. मागच्या तीन महिन्यांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. सहा महिन्यांनी भाऊंचा करार वाढवला गेला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ते आजही टोचतं.

सुट्टीत घरी गेल्यावर अण्णांना हे सगळं सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. अण्णांची नोकरी गेली ती गेलीच. घरात त्यावर फार बोलणं होत नसे. मला वाटायचं, हरलेल्या लढाईबद्दल काय बोलायचं!

अण्णा त्या दिवशी बोलले. "मोर्चे सगळ्यांना आठवतात. पण आम्ही टिकलो ते गावाहून आलेल्या तांदळावर, आणि खानावळवाल्या मावशीच्या उधारीच्या वहीवर." आणि मग हसून म्हणाले, "तुझ्या त्या भाऊंनी पण वहीच धरली म्हणायची."

नंतर वाचत गेलो. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या अशाच बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्याही आधी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे मंडळी, आठवड्याच्या ज्या सुट्टीत आपण इतक्या हौसेने कार्यक्रम करतो, ती सुट्टीसुद्धा कुणीतरी मागून मिळवलेली आहे.

दुक्म आता खूप बदललंय. २०२४ मध्ये तिथल्या मोठ्या रिफायनरीचं उद्घाटन झालं. २०२३ च्या नव्या कायद्याने दिवसाचं काम आठ तासांवर आलं. भाऊ चिपळूणला फॅब्रिकेशनचं छोटं दुकान चालवतात. गणपतीत फोन करतात.

आपल्यापैकी बरेच जण कुणाची तरी हजेरी, पगार, सुट्टी ठरवणारी कामं करतो. कुणी एचआरमध्ये, कुणी अकाउंट्समध्ये, कुणी माझ्यासारखं कॉम्प्युटरपुढे. काटकसरीच्या दिवसांत एखादी "छोटीशी" ओळ लिहायची वेळ आपल्यावरही येईल. मी आता असा नियम लिहिण्याआधी एक करतो. महिन्याला किती तास, किती माणसांचे, याचा आकडा काढतो आणि मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवतो. बऱ्याचदा तेवढ्यावरच तो नियम मागे घेतला जातो. जेव्हा घेतला जात नाही, तेव्हा निदान टेबलाभोवतीच्या कुणालाच "आम्हाला ठाऊक नव्हतं" म्हणता येत नाही.