तालीम आणि प्रयोग

वय झाले की माणसाने खेळ पाहावा, स्वतः खेळू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. देवळाच्या अग्रशाळेत दुपारी बुद्धिबळाचा पट मांडून बसणाऱ्या वृद्धांस मात्र या संकेतातून सूट मिळते. कारण तो विचाराचा खेळ, हे सर्वांस मान्य आहे. मग संगणकाच्या पडद्यावर ग्रहगोलांवरील युद्धे खेळणाऱ्या वृद्धास ती का मिळू नये? हा प्रश्न आम्ही आमच्यापुरता कसा सोडविला, त्याची ही हकीकत.

निमित्त आमच्या नातवाचे. तो शिक्षणासाठी दूरदेशी असतो. फोनवर आमचे संभाषण ‘जेवलास का?’ आणि ‘तुमची प्रकृती कशी आहे?’ या दोन प्रश्नांत आटोपत असे. प्रेम होते, बोलावयास विषय नव्हता. दर शनिवारी तो आपल्या तीन मित्रांसह ‘स्टारक्राफ्ट’च्या दुसऱ्या भागात चार विरुद्ध चार असा सामना खेळत असे, एवढे आम्हांस ठाऊक होते. एके दिवशी तो म्हणाला, “आजोबा, आमच्यातला एक जण आता येत नाही. तुम्ही याल का? पण आधी थोडे शिकून या. चौघांत एकाचा हात मागे पडला की बाकीच्या तिघांवर भार येतो.” आमंत्रण आदराचे होते आणि अटही न्याय्य होती. आम्ही दोन्हींचा स्वीकार केला.

अमेरिकेतील ब्लिझर्ड या कंपनीने हा खेळ १९९८ साली प्रथम आणला. दुसरा भाग २०१० साली आला आणि २०१७ च्या अखेरीपासून त्याचा मोठा हिस्सा विनामूल्य झाला. दक्षिण कोरियात तर त्याचे सामने दूरचित्रवाणीवर दाखविले गेले आणि त्यावर उपजीविका करणारे खेळाडू निर्माण झाले. यात तीन जाती आहेत: टेरन, झर्ग आणि प्रोटॉस. टेरन ही मनुष्यांची; आम्ही तीच निवडली. बुद्धिबळाहून याचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. येथे आळीपाळी नाही. दोन्ही पक्ष एकाच वेळी हालचाल करतात आणि विचारासाठी घड्याळ थांबत नाही. शिवाय प्रतिपक्षाचा पट अंधारात असतो. हेर पाठवावा, तेव्हाच तो काय रचतो आहे हे दिसावे.

एकट्याने सराव करावयाचा तर प्रतिपक्षी म्हणून यंत्र हजर असते. त्याच्या दहा पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवरील यंत्र इतके सुस्त असते की तटबंदीआड बसून संपत्ती साठवीत राहिले तरी विजय मिळतो. नेमका हाच विजय घातक, असे आमचे मत झाले. कारण तो आळसास बक्षीस देतो. म्हणून आम्ही जयापजय बाजूस ठेवला आणि तीन पाठ निश्चित केले.

पहिला पाठ कामकऱ्यांचा. आरंभी बारा कामकरी व ५० एकक खनिज हाती असते. नवा कामकरी ५० खनिजांस पडतो आणि सुमारे १२ सेकंदांत तयार होतो. एका वसाहतीजवळ खनिजाचे आठ साठे असतात आणि त्यांवर सोळा कामकरी पुरेसे होतात. तेव्हा कामकरी घडविणे क्षणभरही थांबू नये आणि दुसरी वसाहत वेळेवर उभारावी. दुसरा पाठ रसदीचा. टेरनांचे एक कोठार १०० खनिजांत बांधून होते आणि आठ शिपायांची सोय करते. ते उशिरा बांधले तर सारी भरती तटून राहते. महाप्रसादाच्या दिवशी पहिली पंगत उठण्याआधी दुसऱ्या पंगतीचा भात चुलीवर चढलेला असावा लागतो, हे ज्याने देवळाच्या स्वयंपाकघरात पाहिले आहे, त्यास हा पाठ वेगळा शिकवावयास नको. तिसरा पाठ आम्हांस सर्वांत जड गेला: खनिज शिल्लक ठेवू नये. काटकसर हा सद्गुण मानून वाढलेल्या आमच्या पिढीस हे पटावयास वेळ लागतो. पण येथे न खर्चिलेले धन म्हणजे न उभारलेली शिबंदी होय.

रोज सकाळी पाच मिनिटांचा हाच अभ्यास चालला. पाचव्या मिनिटास कामकरी किती झाले, ते रोजनिशीत लिहून ठेवीत असू. पहिल्या दिवशी बावीस होते. दीड महिन्याने चाळीस झाले. बोटे कळफलकाकडे न पाहता योग्य कळीवर जाऊ लागली, तेव्हा डोळे नकाशा पाहावयास मोकळे झाले. हार्मोनियम शिकणाऱ्यास ही अवस्था परिचयाची असेल.

मग वरच्या पायऱ्या आल्या. अखेरच्या तीन पायऱ्यांस खेळाच्या कर्त्यांनीच ‘लबाड’ असे नाव दिले आहे. पहिला लबाड सारा नकाशा उघडा पाहतो. पुढच्या दोघांस त्याखेरीज खनिजही जादा मिळते. हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला. परंतु त्यांच्याशी झुंजून जे शिकावयाचे ते बळाविरुद्ध टिकणे. कपट ओळखणे नव्हे.

यंत्राची मर्यादा किती सूक्ष्म असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लंडनच्या डीपमाइंड संस्थेने ‘अल्फास्टार’ नावाचे यंत्र प्रथम माणसांचे सामने दाखवून आणि नंतर स्वतःच्याच आवृत्त्यांशी अखंड खेळवून तयार केले. एका जर्मन व एका पोलिश व्यावसायिकाशी झालेले दहाही सामने त्याने जिंकल्याचे जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाले. त्याच वेळी त्या पोलिश खेळाडूने त्याच्या एका नव्या आवृत्तीशी आणखी एक सामना सर्वांसमक्ष खेळला. त्याने एका वाहनातून दोनच योद्धे वारंवार यंत्राच्या पिछाडीस उतरवावे व उचलून न्यावे. आणि यंत्राने प्रत्येक वेळी सारी सेना माघारी वळवावी. तेवढ्या अवधीत त्याने आपली फौज जमविली आणि सामना जिंकला. ही हूल यंत्राच्या तालमीत कधी पुरेशी आली नसावी.

उत्सवातील नाटकाच्या तालमी आम्ही अनेक वर्षे केल्या. संवाद, प्रवेश, निर्गम तालमीत पक्के होतात. परंतु प्रेक्षक हसल्यावर किती थांबावे, हे प्रयोगाच्या रात्रीच कळते. म्हणून तालीम केव्हा पुरे झाली, यास एक खूण आहे: ज्या गोष्टी एकट्याने पक्क्या होतात त्या विचार न करता होऊ लागल्या, की पुढे थांबणे हा सराव नसून भीती होय. त्या भीतीसही फारसा आधार नाही. अनोळखी प्रतिस्पर्धी नेमताना ही व्यवस्था तुल्यबळ माणूस शोधते. म्हणजे चांगल्या खेळाडूनेही सुमारे निम्मे सामने हरावेत, अशीच तिची रचना आहे.

आम्ही दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस शनिवारच्या मंडळीत दाखल झालो. पहिले दोन सामने गेले, तिसरा आला. पराभव कबूल करताना प्रतिपक्षास ‘सामना छान झाला’ असे लिहून निरोप घेण्याची तेथे रीत आहे. ती आम्हांस आपल्याकडील नमस्काराइतकीच योग्य वाटली. झालेला सामना पुन्हा दोन्ही बाजूंनी पाहता येतो. रविवारी फोन जोडून आम्ही आजा-नातू तो पाहतो. “आजोबा, तुमचा हेर येथे एक मिनिट आधी निघावयास हवा होता,” असे तो सांगतो. आणि हेराची वाट पाहता पाहता, परीक्षेची धास्ती, खानावळीतील बेचव वरण, घराची आठवण, या ज्या गोष्टी विचारून कधी कळल्या नसत्या, त्या तो आपण होऊन बोलून जातो. आम्ही पडद्याकडे पाहत ऐकत असतो.