कुत्र्याचे पाचशे

अवसरी बुद्रुकसारख्या गावात घर भाड्याने देणे हा एके काळी स्वतंत्र व्यवसाय नव्हता. दुकानावरची माडी शाळेतील गुरुजींना द्यावी, वाड्यामागची पडवी बदलून आलेल्या तलाठ्याला किंवा बँकेच्या रोखपालाला द्यावी, इतकाच तो व्यवहार असे. भाडे ठरे ते तोंडी, आणि पावतीऐवजी रोजमेळातील एक ओळ पुरे. २००९ मध्ये शेजारच्या अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थी आले, शिकवणारे आले, त्यांच्यामागे खानावळी आणि झेरॉक्सची दुकाने आली. मंचर ते अवसरी या पट्ट्यात ज्याच्यापाशी दोन गुंठे जागा होती त्याने चार खोल्या बांधल्या. खोल्यांबरोबर भाडेकरार आले, अनामत आली, दिवाबत्तीचा वेगळा मीटर आला. आणि अलीकडे करारात एक नवी ओळ येऊ लागली आहे : पाळीव प्राणी असल्यास दरमहा जादा आकार.

या ओळीची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. गावातील एका धान्य व्यापाऱ्याच्या कुटुंबाने दुकानामागे तीन खोल्या बांधल्या. पेढी तीन पिढ्यांची, घरात जीवदयेचे संस्कार, पर्युषणात पांजरापोळीला देणगी ठरलेली. खोली पाहण्यास एक तरुण जोडपे आले. दोघेही नोकरी करणारे, मूळचे मराठवाड्यातील. सोबत एक गावठी कुत्री होती, रस्त्यावर सापडलेले पिल्लू वाढवून मोठे केलेली. भाडे चार हजार ठरले, अनामत पंधरा हजार. मग शेठजींच्या मुलाने, पुण्यातील मित्रांकडून जे ऐकले होते त्यावरून, सांगितले की कुत्र्याचे दरमहा पाचशे वेगळे, आणि पाच हजार एकदाच, ते परत मिळणार नाहीत.

भाडेकरू बाईंनी नम्रपणे विचारले, "शेठ, देऊ आम्ही. पण हे पाचशे कशाचे, तेवढे सांगा."

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र सापडेना. मुलगा म्हणाला, घाण होते. बाई म्हणाल्या, ती आम्हीच साफ करणार. मुलगा म्हणाला, पाणी जास्त लागते. बाई म्हणाल्या, मीटर वेगळा आहे. मुलगा म्हणाला, दारे ओरबाडली जातात. त्यावर त्या म्हणाल्या की अनामत त्याचसाठी असते ना? शेठजी गप्प राहिले. आयुष्यभर ज्यांनी वजनकाट्यात तोळ्याचा फरक पडू दिला नाही, त्यांना आपल्याच घरातील एका रकमेचे खाते कोणते, हे सांगता येत नव्हते. शेवटी आतून आजींनी खरे कारण सांगितले. "पाण्याचे नाही ग बाई. ती काय खाते, ते सांग."

शाकाहारी घरमालकाची खरी अडचण बहुतेक वेळा हीच असते. ओरखडे, केस आणि वास ही कारणे पुढे केली जातात, कारण ती बोलायला सोपी आहेत. आपल्या भिंतीच्या आत मांस शिजू नये, ही भावना खरी आहे आणि तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु ती भावना पाचशे रुपयांत विकता येत नाही, हेही तितकेच खरे. जे चालणार नाही ते पैसे घेतल्याने चालू लागत असेल, तर ते तत्त्व नव्हते. आणि तत्त्व असेल तर त्यावर दर लावणे हा त्याचाच अपमान आहे. करारात सरळ लिहावे की या जागेत मांसाहार शिजवला जाणार नाही, मग तो माणसासाठी असो वा जनावरासाठी. भाडेकरूस मान्य असेल तर तो राहील, नसेल तर दुसरीकडे जाईल. दूध-भाकरीवर किंवा पाकिटातील कोरड्या खाद्यावर वाढणारी कुत्री गावोगाव आहेत. आता त्या पाकिटातही काय असते हा प्रश्न कोणी काढला, तर त्याचे उत्तर पाकिटावर छापलेले असते. ते एकदा वाचून घ्यावे आणि मग ठरवावे.

राहिला पैशाचा हिशेब. घरमालक पाळीव प्राण्यापोटी तीन प्रकारे पैसे घेतो : परत देण्याची जादा अनामत, परत न देण्याची एकरकमी फी, आणि दरमहा भाड्यात भर. अमेरिकेत या तिन्ही प्रकारांना स्वतंत्र नावे आहेत आणि कित्येक ठिकाणी तिन्ही एकदमच घेतले जातात. तेथून ही पद्धत मोठ्या शहरांत आणि शहरांतून आपल्याकडे आली असावी. हे तीन प्रकार दिसायला सारखे असले तरी हिशेबात ते एक नाहीत. अनामत ही देणे बाजूची रक्कम आहे. ती मालकाची नव्हे, त्याच्यापाशी ठेवलेली आहे. नुकसान झाले तर त्यातून वळती करावी, न झाल्यास परत करावी. एकरकमी फी नुकसान होण्यापूर्वीच झाले असे धरून चालते. आणि दरमहाचा आकार तर नुकसानाशी संबंधच ठेवत नाही. अकरा महिन्यांत एक ओरखडाही उठला नाही तरी तो घेतलाच जातो.

वरील जोडप्याच्या बाबतीत आकडे मांडून पाहावेत. अकरा महिन्यांचे भाडे ४४,००० रुपये. कुत्रीचे दरमहा ५०० प्रमाणे ५,५०० आणि परत न मिळणारे ५,०००, मिळून १०,५००. म्हणजे मूळ भाड्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. एका दहा-बारा किलोच्या प्राण्याने अकरा महिन्यांत घराचा चौथा हिस्सा झिजवला, असे कोणता गवंडी लिहून देईल?

गंमत अशी की सरकारला हा फरक चांगला कळतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. ते काढताना परत मिळणाऱ्या अनामतीवर केवळ १० टक्के वार्षिक व्याज धरले जाते, तर परत न मिळणारी रक्कम पूर्णच्या पूर्ण धरली जाते. पंधरा हजारांच्या अनामतीचे अकरा महिन्यांचे व्याज १,३७५ रुपये होते. पाच हजारांच्या फीचे मात्र पाच हजारच. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाने जे ओळखले आहे, ते घरमालकानेही ओळखण्यास हरकत नसावी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. कुत्र्याचे पाचशे बहुधा या करारात नसतातच. ते हातात घेतले जातात, पावतीशिवाय. व्यापारी घराण्यात पावतीशिवाय आलेल्या रकमेकडे पूर्वी कसे पाहिले जाई, हे जुन्या मंडळींना विचारावे.

बँकांच्या व्यवहारातही असाच एक प्रश्न बरीच वर्षे घोळत होता. हप्ता थकला की दंडव्याज लावले जाई, आणि त्या दंडाचा हळूहळू उत्पन्नाचा मार्ग होऊन बसला. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितले की दंडाचा हेतू परतफेडीची शिस्त लावण्याचा आहे, उत्पन्न वाढविण्याचा नाही. आकार वाजवी असावा आणि चुकीच्या प्रमाणात असावा. घरभाड्याला हे परिपत्रक लागू नाही. पण त्यातली कसोटी उसनी घेण्याजोगी आहे, आणि त्या कसोटीला पाचशे रुपये उतरत नाहीत.

सर्वच जादा खर्च मात्र खोटा नसतो. अवसरीत कुत्रा पाळण्याचा एक खर्च असा आहे की जो पुण्या-मुंबईच्या घरमालकाला स्वप्नातही सुचणार नाही. तो म्हणजे बिबट्या. डिंभे धरणाचे कालवे आले, ऊस वाढला, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याने संसार थाटला. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे, यावरून या भागातील प्रश्नाची कल्पना यावी. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा हे येथे बिबट्याला दिलेले आमंत्रणच होय. आणि ज्या अंगणात तो येतो तेथे उद्या लहान मूलही खेळणार असते.

तेव्हा घरमालकाने म्हणावे की कुत्रा रात्री घरात राहील, पडवीला लोखंडी जाळीचे दार बसवावे लागेल, मागच्या बाजूला दिवा लागेल. हा खर्च दाखवता येतो. लोहाराचे बिल दाखवता येते. ते एकदा निम्मे-निम्मे वाटून घेता येते, आणि भाडेकरू निघून गेला तरी दार मालकाचेच राहते. वरील प्रकरणात अखेर शेठजींनी हेच केले. पाचशे आणि पाच हजार दोन्ही सोडले, अनामत दोन हजारांनी वाढवली, जाळीच्या दाराचा अर्धा खर्च भाडेकरूने दिला. आजींची अट करारात लिहिली गेली. मुलाला हा तोट्याचा सौदा वाटला आणि अजूनही वाटतो.

जनावराच्या मुक्कामाचे पैसे घेण्याची कल्पना आपल्या मुलुखाला अगदीच नवी नाही. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्याला दंड आणि चाऱ्याचा खर्च वसूल करण्याचा अधिकार दिला. पण तो दुसऱ्याचे पीक खाल्लेल्या गुरांसाठी, म्हणजे नुकसान झाल्यावर. उलट धनगरांचा कळप गावात आला की शेतकरी आपणहून त्यांना रानात बोलावतो. वाघर लावून रात्रभर मेंढ्या बसवल्या जातात, लेंडीखत जमिनीला मिळते, आणि त्याबद्दल शेतकरीच धनगराला धान्य किंवा पैसे देतो. तेथे जागेचा धनी जनावराच्या मुक्कामाचे मोल देतो, घेत नाही. रात्री भुंकून साऱ्या चाळीला जागे करणाऱ्या कुत्र्याचा असा हिशेब कोणी मांडत नाही, हे खरे.

कायदा या बाबतीत कोठे उभा आहे, याविषयी घोळ फार आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. रहिवासी संघटना आणि सोसायट्यांनी बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये, कुत्र्याने लिफ्ट वापरली म्हणून आकार घेऊ नये, असे त्यात आहे. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही सोसायट्यांच्या उपविधींतील अशी बंदी बेकायदा ठरवली. पण हे सारे सोसायटी आणि रहिवासी यांच्यातले. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील करारात कुत्र्याचे पैसे घ्यावेत की नाही, यावर महाराष्ट्राचा भाडे कायदा मौन बाळगतो. केंद्राने २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती असावी असे म्हटले आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, थेट बंधन नव्हे.

इंग्लंडचा अनुभव येथे उद्बोधक ठरावा. तेथे जून २०१९ पासून भाडेकरूकडून घ्यावयाच्या बहुतेक फी बंद झाल्या आणि सामान्य घरासाठी अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित झाली. परिणाम काय झाला? पाळीव प्राण्याची वेगळी अनामत घेता येईना, म्हणून काही मालकांनी भाडेच वाढवून मागितले आणि पुष्कळांनी प्राणी असलेला भाडेकरूच नाकारला. मग २०२५ च्या नव्या कायद्यात भाडेकरूला प्राणी ठेवण्याची परवानगी मागण्याचा हक्क द्यावा लागला, आणि मालकाने सबळ कारणाशिवाय ती नाकारू नये असे लिहावे लागले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्येच छापील करारातील कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी निष्प्रभ ठरवली होती. प्रत्येक प्रकरण वेगळे तपासा, असे त्याचे म्हणणे. नुसती फी बंद केल्याने प्रश्न सुटत नाही, तो दार बदलून आत येतो.

आपल्याकडे तो कोठून आत येतो, हे महाविद्यालय असलेल्या कोणत्याही गावाच्या वेशीवर दिसते. खोली बदलली, नव्या मालकाने जादा पैसे मागितले, ते परवडेनात. मग गळ्यात पट्टा असलेला कुत्रा हॉटेलांपाशी फिरू लागतो. चार दिवस तो प्रत्येक दुचाकीमागे धावतो, आपला माणूस समजून. पुढे धावणे थांबते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा रीतीने विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. त्या कायद्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्यासाठी दंड लिहिलेला आहे : किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. कुत्रा सांभाळणाऱ्याकडून घरमालक महिन्याला त्याच्या दहापट घेतो.